चारपाचशे लोकांची भाषा शिकून पुढे काय? एका पालकांच्या पत्राला उत्तर

पत्राचा सारांश: "माझी मुलगी सांगलीत संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. गेले वर्षभर पॅसिफिक महासागरातील व्हानुआतू या द्वीपदेशाच्या भाषांचे तिला वेड लागले आहे. एम.एस्सी. न करता भाषाविज्ञानात एम.ए. आणि पुढे या भाषांवरच पीएच.डी. करायचे ती म्हणते. ज्या भाषा चारपाचशे लोक बोलतात, त्या शिकून पोट कसे भरणार? परदेशातील एम.ए.साठी शैक्षणिक कर्ज काढावे का? आणि मुलीने एकटीने तिकडे जाणे कितपत सुरक्षित आहे?"

आदरणीय महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपले तिन्ही प्रश्न रास्त आहेत. मात्र त्यांची उत्तरे देण्यापूर्वी मुलीच्या विषयाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण हा विषय नेमका काय आहे हे कळल्याशिवाय घरात होणारी चर्चा "नोकरी मिळेल की नाही" या एकाच मुद्द्याभोवती फिरत राहील.

व्हानुआतूची लोकसंख्या सुमारे तीन लाख, म्हणजे आपल्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेपेक्षाही कमी आहे. ऐंशीहून अधिक बेटांवर विखुरलेल्या या लोकांच्या स्वतःच्या भाषा मात्र २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणनेनुसार १३८ आहेत. बोली कोणती आणि स्वतंत्र भाषा कोणती, हे ठरवण्याच्या निकषानुसार हा आकडा थोडा कमीजास्त होतो; परंतु लोकसंख्येच्या मानाने इतक्या भाषा जगातील दुसऱ्या कोणत्याही देशात नाहीत. एकट्या मालाकुला बेटावर तीसहून अधिक भाषा आहेत. या सर्व ऑस्ट्रोनेशियन कुळाच्या ओशियानिक शाखेतील आहेत. बेटांवरील लोक एकमेकांशी बिस्लामा या इंग्रजीतून घडलेल्या भाषेत बोलतात, आणि १९८० सालच्या स्वातंत्र्यानंतर तीच राष्ट्रभाषा झाली.

मध्ये समुद्र आणि डोंगर असल्यामुळे लोक तुटक राहिले आणि म्हणून भाषा वेगळ्या झाल्या, असे आपल्याला सहज वाटते. ते पूर्ण खरे नाही, आणि माझ्या मते या विषयाचे खरे आकर्षण येथेच आहे. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी लापिता मृत्पात्रे घडवणारे दर्यावर्दी लोक येथे आले, तेव्हा त्यांची भाषा बहुधा एकच, किंवा जवळजवळ एकच होती. त्यानंतर शेजारच्या गावांमध्ये लग्नसंबंध होत राहिले, देवाणघेवाण चालू राहिली, मुले आईच्या गावची आणि वडिलांच्या गावची अशा दोन्ही भाषा बोलत मोठी झाली. एका गावात उच्चारात झालेला बदल पूर्वेकडच्या दोन गावांनी उचलला, तर दुसरा एखादा बदल पश्चिमेकडच्या तीन गावांपर्यंत गेला. शिवाय आपल्या जमिनीची आणि गावाची ओळख म्हणून आपले बोलणे वेगळे राखण्यात लोकांना अभिमान वाटत आला. म्हणून या भाषांची साधी वंशावळ मांडता येत नाही. उत्तरेकडील बँक्स आणि टोरेस बेटांवर दीर्घकाळ काम केलेले फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आलेक्झांद्र फ्रांस्वा यांनी त्यासाठी एकमेकांवर आलेल्या वर्तुळांसारखी, संगणकीय मोजणीवर आधारलेली मांडणी विकसित केली.

येथे आपल्या मुलीचे संख्याशास्त्र वाया जात नाही, उलट उपयोगी पडते. रसेल ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली चारशे ऑस्ट्रोनेशियन भाषांमधील मूलभूत शब्दांची सांख्यिकी पद्धतीने तुलना करून या कुळाचा प्रसार सुमारे ५,२०० वर्षांपूर्वी तैवानातून सुरू झाला असा निष्कर्ष मांडला. अशा कामासाठी संभाव्यतेचे गणित पक्के असलेली आणि त्याच वेळी भाषेची रचना समजणारी माणसे लागतात, आणि भारतातील भाषाविज्ञानाच्या वर्गांत अशी मुले मी फार थोडी पाहिली आहेत. एम.एस्सी. सोडण्याबद्दल आपल्याला हळहळ वाटणे स्वाभाविक आहे, पण ते ज्ञान सोडून द्यावे लागणार नाही, एवढे मी खात्रीने सांगतो.

आता प्रत्यक्ष काम कसे असते ते पाहा. मालाकुला आणि सांतो या बेटांवरील काही भाषांमध्ये जिभेचे टोक वरच्या ओठाला लावून उच्चारायची व्यंजने आहेत. आपल्या कानाला ती कधी "प" वाटतात, कधी "त". अशा वेळी बोलणाऱ्याच्या समोर बसून, त्याचे ओठ पाहून, तोच शब्द पुन्हा पुन्हा ऐकावा लागतो आणि नंतर ध्वनिमुद्रणावर प्राट या संगणकप्रणालीत त्याची आकृती तपासावी लागते. एखाद्या आजोबांनी सांगितलेली दहा मिनिटांची गोष्ट नीट लिहून, तिचे शब्दशः विश्लेषण करून भाषांतरापर्यंत पोहोचायला कित्येक दिवस जातात. मराठी मुलीला एक गोष्ट मात्र सोपी जाईल: ऐकणाऱ्याला सामावून घेणारे "आपण" आणि त्याला वगळणारे "आम्ही" हा भेद या भाषांमध्येही आहे, आणि त्यांतील अनेक भाषा त्यापुढे जाऊन दोघे, तिघे आणि अनेक यांसाठीही निरनिराळी सर्वनामे वापरतात.

या कामाची निकड खरी आहे. टेरी क्राउली हे भाषाशास्त्रज्ञ मालाकुलावरील चार लहान भाषांचे वर्णन लिहीत असताना २००५ साली अकाली वारले. त्यांची हस्तलिखिते जॉन लिंच यांनी पूर्ण करून २००६ साली प्रसिद्ध केली नसती, तर त्यांतील बरेचसे ज्ञान टिपणवह्यांतच राहिले असते. आजही व्हानुआतूतील अनेक भाषांचे समग्र व्याकरण लिहिले गेलेले नाही. त्यामुळे आपल्या मुलीचे वेड पोरकट आहे असे मला मुळीच वाटत नाही.

तरीही पोटापाण्याच्या प्रश्नाला सरळ उत्तर देतो. केवळ या भाषांच्या अभ्यासावर कायमची नोकरी देणाऱ्या जागा जगभर मोजक्याच आहेत आणि त्यांसाठी स्पर्धा मोठी आहे. म्हणून पदवी भाषाविज्ञानाची घ्यावी, विशेष अभ्यास या भाषांचा करावा आणि संगणकीय कौशल्य सतत वाढवावे. भाषाविज्ञानात नेट उत्तीर्ण झाल्यास सहायक प्राध्यापकपदासाठी अर्ज करता येतो. म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानात दहा हजारांपेक्षा कमी भाषकांच्या भाषांसाठी २०१३ पासून योजना आहे. भाषांतर आणि वाचाओळखीच्या प्रणाली बनवणाऱ्या कंपन्यांनाही संख्याशास्त्र जाणणारे भाषाशास्त्रज्ञ हवे असतात. हा शेवटचा मार्ग तिला कदाचित कमी आवडेल, पण तो खुला असला की मनाजोगत्या संधीची वाट पाहता येते.

परदेशातील एम.ए.साठी कर्ज काढू नये, असे माझे ठाम मत आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये भाषाविज्ञानाचे एम.ए. होते, त्याच्या प्रवेशाच्या अटी आणि तारखा संस्थेकडूनच खात्री करून घ्याव्यात. तेथे ध्वनिशास्त्र, व्याकरणिक विश्लेषण आणि क्षेत्रकार्य (म्हणजे भाषकांमध्ये जाऊन भाषा टिपण्याचे काम) यांचा पाया घातला जाईल. क्षेत्रकार्याचा सराव तिने महाराष्ट्रातच करावा. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद परिसरात बोलली जाणारी निहाली कोणत्याही ज्ञात भाषाकुळात बसत नाही, आणि मेळघाटातील कोरकू ऑस्ट्रोएशियाटिक कुळातील आहे. (नावातील साम्यामुळे या कुळाची ऑस्ट्रोनेशियनशी अनेकदा गल्लत होते, तिने ती करू नये.) दोन वर्षांच्या अशा तयारीनंतर कॅनबेरा, मेलबर्न किंवा होनोलुलू येथील विद्यापीठांत, जेथे पॅसिफिकच्या भाषांचा अभ्यास मुरलेला आहे, पीएच.डी.साठी शिष्यवृत्तीसह अर्ज करावा. शिष्यवृत्ती मिळाली नाही तर स्वखर्चाने जाऊ नये, पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करावा.

सुरक्षिततेबद्दल: तेथे कोणी संशोधक मनाला येईल तसा गावात जाऊन राहत नाही. राजधानी पोर्ट व्हिला येथील व्हानुआतू सांस्कृतिक केंद्राची परवानगी घ्यावी लागते. स्वातंत्र्यानंतर १९८५ ते १९९४ या काळात परदेशी संशोधकांना तेथे बंदीच होती, आणि ती उठल्यानंतर गावाची संमती घेणे व जमवलेली सामग्री स्थानिक लोकांकडे परत देणे यांचे नियम आखले गेले. केंद्राचे स्वयंसेवी क्षेत्रसेवक गावोगावी आहेत. विद्यार्थी सहसा मार्गदर्शकाच्या ओळखीच्या गावात, एखाद्या कुटुंबात राहतात. खरी काळजी निसर्गाची आहे: नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ असतो आणि डिसेंबर २०२४ मध्ये पोर्ट व्हिलाला मोठा भूकंप झाला. दूरच्या बेटांवर दवाखाना लांब असतो, त्यामुळे प्रवास विमा आणि वैद्यकीय सल्ला यांत काटकसर करू नये.

प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी मुलीला एक काम सांगावे. घरातील किंवा शेजारच्या एखाद्या वयस्कर व्यक्तीचे बोलणे दहा मिनिटे ध्वनिमुद्रित करून तिने ते जसेच्या तसे, थांबे आणि अडखळणे यांसह, लिहून काढावे. हे काम आठवडाभर चालेल. ते करताना ती कंटाळली, तर एम.एस्सी.चा अर्ज भरावा. आणि दुसरे ध्वनिमुद्रण करायला ती आपणहून निघाली, तर डेक्कन कॉलेजचा अर्ज आपणच तिच्याबरोबर बसून भरावा.

आपला,
करिअर मार्गदर्शक