'इंडियन स्पाय' म्हणजे भारतीय गुप्तहेर?

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या एका घराण्याच्या वंशवृक्षाचं मराठी करायचं आहे. मूळपुरुषाच्या नावापुढे 'व्हर्जिनिया मिलिशिया, केंटकी, १७७७-८२, इंडियन स्पाय' अशी नोंद आहे. तिचं 'व्हर्जिनिया लष्करातील भारतीय गुप्तहेर' हे भाषांतर चालेल का, आणि 'मिलिशिया'ला नेमकं काय म्हणावं?

नाही, चालणार नाही. चार शब्दांत तीन चुका आहेत. 'इंडियन' दिसलं की 'भारतीय' लिहायचं ही खोड आता यंत्रांनाही लागली आहे. इथे इंडियन म्हणजे शॉनी आणि इतर मूळ रहिवासी, आणि हेर त्यांच्यातला नाही, त्यांच्यावर नजर ठेवणारा आहे. समास कर्मधारय नाही. आगीचा बंब आग लावायला येत नाही, तसंच हे.

हा माणूस काय करत असे? १७७७ साली केंटकीतल्या तटबंद वस्त्यांसाठी असे मोजके स्पाय नेमले होते. बून्सबरो या वस्तीसाठीच्या स्पायांत सायमन केंटन होता, त्याच वर्षी एप्रिलमध्ये घोट्यात गोळी लागून पडलेल्या डॅनियल बूनला, म्हणजे ती वस्ती वसवणाऱ्यालाच, उचलून तटाच्या आत आणणारा. काम सगळं उघड्या रानातलं. दोघा-दोघांनी निघायचं, नदीचे उतार आणि डोंगरातल्या खिंडी फिरून पाहायच्या, पावलांचे ठसे आणि विझलेल्या चुली शोधायच्या, काही दिसलं की पळत येऊन वस्तीला सांगायचं. मग आसपासच्या झोपड्यांतली बायकामुलं गुरंढोरं घेऊन तटाच्या आत. वेषांतर करून शत्रूच्या दरबारात बसणं, गुप्त लिपीत पत्रं धाडणं, यातलं काही नाही. म्हणून 'गुप्त' खोडा. 'टेहळ्या' लिहा, किंवा नुसतं 'हेर'.

आणि नुसता 'हेर' का चालतो, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. हेरणं म्हणजे पाहून ठेवणं. मराठीत आजही आपण माणूस हेरतो, जागा हेरतो, त्यात लपूनछपून काही नसतं. 'गुप्त' आपण मागाहून डकवलं. इंग्रजी 'स्पाय'चंही तेच. तो जुन्या फ्रेंचमधून आला, तिथे जर्मानिक भाषांतून, आणि मुळाशी अर्थ 'पाहणं' एवढाच. संस्कृतात त्याचा सख्खा भाऊ 'स्पश्'. ऋग्वेदात वरुणाभोवती बसलेले आहेत ते स्पशच. 'पश्यति' त्याच घरातला. पतंजलीच्या महाभाष्याचं, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणावरच्या भाष्याचं, पहिलं आह्निक (प्रकरण) 'पस्पशा' म्हणून ओळखलं जातं, आणि हेरांविना राजनीती म्हणजे पस्पशेविना व्याकरण असा श्लेष माघ कवीनं त्यावरच साधला आहे. पण खरी गंमत पुढे आहे. याच धातूचं कर्मणि भूतकालवाचक रूप म्हणजे 'स्पष्ट', नीट दिसलेलं! म्हणजे 'स्पाय' हा 'स्पष्ट'चा चुलतभाऊ, आणि आपण त्याच्या गळ्यात 'गुप्त' बांधतो.

आता मिलिशिया. 'लष्कर' चूक, कारण लष्कर वेगळं होतं, कंटिनेंटल आर्मी, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातली पगारी फौज. 'नागरी सेना' हे कोशातल्या कपाटातलं नाणं, बाजारात चालत नाही. 'लोकसेना' ऐकून निवडणूक आठवते. 'शिबंदी' सुचवणारे विद्वान आहेत, त्यांच्याशी माझं भांडण आहे. शिबंदी पगारावर ठेवलेली, किल्ल्यावर नाहीतर वसुलीला. मिलिशियातला माणूस शेतकरी, ज्याला कायद्यानं बोलावलं की यावंच लागे, आणि हत्यार स्वतःचं आणावं लागे. ही जुनी प्रथा १७९२ च्या कायद्यानं देशभर बांधून दिली: १८ ते ४५ वयाच्या प्रत्येक धडधाकट गोऱ्या नागरिकानं स्वखर्चानं मस्केट (लांब नळीची बंदूक), संगीन, ठिणगीसाठी दोन जादा गारगोट्या, पाठपिशवी आणि किमान २४ काडतुसांची पेटी बाळगायची. रायफल असेल तर तिच्या नळीला बसतील अशा २० गोळ्या, बंदुकीच्या दारूचं शिंग आणि पाव पौंड तीच दारू.

हे वाचून कोणाही मराठी माणसाला एकच शब्द आठवायला हवा: शिलेदार. अरबी 'सिलाह' म्हणजे हत्यार, त्याला फार्सी 'दार'. ('शिला' किंवा 'शील' यांच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही, कृपया थांबवा.) सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार. कंटिनेंटल शिपाई आणि मिलिशियावाला यांच्यातला फरक बारगीर-शिलेदार जोडीइतका नेमका दुसऱ्या कशानं दिसत नाही. आक्षेप मला ठाऊक आहेत: शिलेदार घोडेस्वार, हा बहुधा पायी, शिलेदार आपखुशीनं नोकरी धरणारा, याच्यावर सक्ती. मान्य. पण शब्दाचं पोट हत्यारात आहे, घोड्यात नाही. वंशवृक्षात मात्र 'मिलिशिया' तसंच ठेवून पहिल्यांदा येईल तिथे 'स्वतःच्या हत्यारानिशी येणारी गावफौज' असा खुलासा करावा. शिलेदारीचा हट्ट माझा, तुमच्यावर लादत नाही.

'व्हर्जिनिया' आणि 'केंटकी' एकत्र पाहून गोंधळू नका. १७९२ पर्यंत केंटकी व्हर्जिनियातच होतं.

मूळ कागद पेन्शनचे असतील तर आणखी जपा. ७ जून १८३२ च्या कायद्यानं स्वातंत्र्ययुद्धातल्या मिलिशियावाल्यांनाही पेन्शन मिळालं: सहा महिन्यांपासून अंशतः, दोन वर्षं भरली तर पूर्ण पगाराइतकं. म्हणून म्हातारे कोर्टात उभे राहून महिने मोजून सांगत. विधवांसाठी १८३६ पासून कायदे झाले, तेव्हा लग्नाचा पुरावा म्हणून घरच्या बायबलमधली जन्म-लग्नाच्या नोंदींची पानं फाडून अर्जाला जोडली जात. वंशवृक्ष करणाऱ्याला याहून मोठं घबाड नाही. या अर्जांत 'टूर' म्हणजे सहल नव्हे, नेमणुकीची पाळी. 'ड्राफ्टेड' म्हणजे मसुदा नव्हे, सक्तीनं बोलावलेला. 'सब्स्टिट्यूट'ला आपला गिरणीतला 'बदली' तंतोतंत बसतो, कारण दुसऱ्याच्या पाळीवर पैसे घेऊन जाणारे होतेच. आणि 'फोर्ट'ला किल्ला म्हणून रायगड डोळ्यांपुढे आणू नका. झोपड्यांच्या रांगा, मधल्या फटी लाकडी खुंट्यांनी बुजवलेल्या, कोपऱ्यांवर गोळीबाराची घरं: फार तर गढी म्हणा, तीही लाकडी.