गावात एएची (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा मदतगट) मीटिंग नाही. दारू सोडू पाहणाऱ्या भावाला आर्वीला न्यावं की वर्ध्याला?

शेवटची एसटी सापडेल तिथे न्या. परतीची सोय नसली की दुसऱ्या आठवड्यापासून जाणं सुटतं. ओळखीचं कोणी भेटेल म्हणून लाजत असेल, तर लांबचा गट बरा. पहिल्यांदा 'ओपन' मीटिंग विचारा, त्यात घरचेही बसू शकतात. 'क्लोज्ड' फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी असते. फी नाही, आडनाव सांगावं लागत नाही, नुसतं ऐकलं तरी चालतं. एक गट नाही जमला तर दुसरा बघा, पण दोन-चारदा बसून मगच. वहिनींसाठी अल-अनॉन, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांचा गट, वेगळा असतो.

मात्र सकाळी हात थरथरत असतील, तर दारू एकदम बंद करू नका, झटके येऊ शकतात. आधी सरकारी दवाखान्यात दाखवा. व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन: १४४४६.