विस्तारणाऱ्या अवकाशावर स्वार होता येईल का?

प्रश्न : खानापूरच्या घाटावर मलप्रभेत वाहत जाणारे पिंपळपान पाहून सुचले की, अवकाश प्रसरण पावत असेल, तर त्याच ओघात यान सोडून इंधनाविना दुसऱ्या ताऱ्यापर्यंत का जाता येऊ नये?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : दूरच्या दीर्घिका (अब्जावधी ताऱ्यांचे प्रचंड समूह) परस्परांपासून दुरावत आहेत, हे आपले गृहीतक बरोबर आहे, मात्र हा विस्तार दीर्घिकासमूहांच्या दरम्यानच्या अफाट अंतरांवरच प्रकट होतो आणि आपल्या आकाशगंगेतील तारे गुरुत्वाकर्षणाने बांधलेले असल्यामुळे इथे यानाला वाहून नेणारा ओघच नाही. शिवाय विस्तार अंतर वाढवतो, कोणाला पैलतीरी पोहोचवत नाही. १९७७ साली निघालेले व्हॉयेजर-१ हे अवकाशयान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने जाते. त्या वेगाने सूर्यानंतरचा आपल्याला सर्वांत जवळचा तारा असलेल्या, ४.२४ प्रकाशवर्षांवरील प्रॉक्सिमा सेंटॉरीइतके अंतर कापायला सुमारे ७५,००० वर्षे लागतील. पुढील कल्पनेसोबत असा हिशेबही मांडून पाठवा, आम्ही तो आवर्जून वाचू.