मूळ घरातल्या आईच्या वस्तूंपैकी फ्लॅटमध्ये काय न्यावं?

फोंड्याजवळचं मूळ घर बंद ठेवून मडगावच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये जाताय, आईच्या वस्तूंतलं मोजकंच न्यायचंय, ते कसं निवडावं, असं तुम्ही विचारलंत.

मनाला विचाराल तर मन प्रत्येक वस्तूला हो म्हणेल. गोव्यात निवड हवेवर सोपवावी. वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. आर्द्रता 70 टक्क्यांच्या वर टिकली की कापड, चामडं, कागद, लाकूड सगळ्याला बुरशी धरते. म्हणून माप एकच धरा: मे महिन्यात जेवढं वाऱ्यावर टाकून, पुसून, पुन्हा घडी घालून होईल तेवढंच ठेवायचं. बाकीचं बंद घरात ठेवलंत तर ते ठेवणं नव्हे, सावकाश कुजवणं आहे.

साड्यांचा हिशेब करून बघा. एक साडी सावलीत पसरून, झटकून, नव्या जागी मोडून घडी घालायला दहा मिनिटं लागतात. चाळीस साड्या म्हणजे जवळपास सात तास, आणि हे वर्षातून दोनदा तरी व्हायला हवं. घडी तीच राहिली की जरीची तार त्या रेषेवर तुटते. रेशीम थेट उन्हात घालू नका, रंग उडतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत तर मुळीच नको. आत दमटपणा अडकतो आणि जरीची तार काळवंडते. धुतलेल्या पांढऱ्या मलमलीत गुंडाळा. डांबरगोळ्या कापडाला टेकू देऊ नका, वेगळ्या पुरचुंडीत ठेवा, आणि त्यांच्याबरोबर कापूर ठेवू नका. दोन्ही एकत्र आले की पाझरतात आणि डाग पडतो. माझ्या मते सहा-सात साड्या ठेवाव्यात. उरलेल्या भावंडांत, सुनांत, भाच्यांत आताच वाटाव्यात. नेसल्या जाणारी साडी जास्त टिकते.

तांब्या-पितळेचं तसं नाही, ते बुरशीनं मरत नाही, पण जागा खातं. पाणी तापवायचं भाण फ्लॅटमध्ये नेऊन त्यात झाड लावण्यापेक्षा ज्याच्याकडे अजून चूल पेटते त्याला द्या. रोज हाताळाल असं एखादं पितळी तपेलं मात्र जरूर न्या. आतली कल्हई उडून पिवळं दिसू लागलं असेल तर ती करून घेतल्याशिवाय त्यात आमटी, सोलकढी, ताक असं आंबट काही नको. कल्हई कथलाची असते आणि कथील 232 अंशांनाच वितळतं, त्यामुळे रिकामं तपेलं आचेवर राहिलं तर कल्हई गेलीच. बाहेरून सोलां (आमसुलं) आणि मीठ लावून घासा, लगेच धुवा आणि कोरडं पुसा. ओलं राहिलं तर डाग धरतात.

‘वर्षभरात वापरलं नाही तर काढा’ हा नियम इथं लावू नका. माटोळीची (गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगायची) चौकट, चवथीचे म्हणजे गणेश चतुर्थीचे पाट, समया वर्षातून एकदाच बाहेर येतात आणि त्यांचं मोल तेवढ्यासाठीच आहे. आधी सगळ्या भावंडांनी बसून चवथ कुठं होणार ते ठरवा. मूळ घरीच होणार असेल तर हा संच तिथंच राहू दे, आणि पावसात पंधरा दिवसांतून एकदा कुणीतरी घर उघडून वारा घालावा. फ्लॅटसाठी दुसरा संच घेऊ नका.

फोटो चिकट पानांच्या अल्बममध्ये असतील तर ओढू नका. सुटत नसेल तिथं पानासकट स्कॅन करा, लहान प्रिंट 600 डीपीआयला. सुटलेले कागदी पाकिटात घालून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह (ओल शोषणारे दाणे) ठेवा. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये 120 अंशांवर दीड-दोन तास तापवलं की पुन्हा चालतं. फक्त त्या वेळी ओव्हनमध्ये खाण्याचं काही नको.

जुनी पुस्तकं द्यायची असतील तर पणजीच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात आधी विचारा. तुटकं प्लॅस्टिक, फुटके मिक्सर, रिकाम्या बरण्या यांच्यावर एक दुपारही घालवू नका.

कागद मात्र सगळ्यात आधी वेगळे काढा. पोर्तुगीज काळातली जमिनीची कागदपत्रं, एक-चौदाचे (जमिनीच्या नोंदीचे) उतारे, जन्म-लग्नाचे दाखले यांतलं काहीही वाचल्याशिवाय टाकू नका आणि लॅमिनेट करू नका. ते पुन्हा सोडवता येत नाही. सोनं आणि मोलाचं सामानही परस्पर वाटू नका. गोव्यात वारशाच्या इन्व्हेंटरीत (वाटणीसाठीच्या कायदेशीर यादीत) जंगम वस्तूही धरल्या जातात, म्हणून सगळ्या वारसांसमोर यादी करून सह्या घ्या.

हे सगळं मेच्या मध्यापर्यंत आटपा. वळवाचा पाऊस आला की काही नीट वाळत नाही. फ्लॅटमध्ये कपाट न्हाणीघराच्या भिंतीला लावू नका आणि कुठल्याही भिंतीपासून चार बोटं पुढं ठेवा.