हेडलाइटचे एक झाकण उघडते, दुसरे अडते

प्रश्न : थोरल्या बंधूंनी मुंबईच्या एका संग्राहकाकडून घेतलेली १९६९ ची शेव्हरोले कॅमॅरो आर. एस. (रॅली स्पोर्ट; हिचे हेडलाइट झाकणांमागे दडलेले असतात) सध्या रावेरला आमच्या केळीच्या वखारीत उभी असते. हेडलाइटचा स्विच ओढला की उजवे झाकण लगेच उघडते, डावे मात्र निम्म्यावर थबकते. शिवाय रात्री नीट मिटलेली दोन्ही झाकणे सकाळी अर्धवट उघडी दिसतात. येथील मिस्त्रींच्या मते दोन्ही बाजूंचे ॲक्ट्युएटर (झाकण हलवणारे भाग) परदेशातून मागवावे लागतील. तसे करावे काय?
— एक वाचक, रावेर

उत्तर : इतक्यात काहीही मागवू नये. आपल्या गाडीची झाकणे विजेच्या मोटरवर चालत नाहीत. इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्यात, तयार होणाऱ्या व्हॅक्यूमवर (हवेच्या ओढीवर) चालतात. हा व्हॅक्यूम रबरी नळीतून एकदिशा व्हॉल्व्हमार्गे एका टाकीत साठतो, तेथून डॅशबोर्डवरील हेडलाइट स्विचच्या मागच्या व्हॉल्व्हकडे जातो आणि शेवटी दोन्ही बाजूंच्या ॲक्ट्युएटरपर्यंत पोहोचतो, जेथे आतला रबरी पडदा ओढला जाऊन दांडा हलतो व झाकण उघडते किंवा मिटते. कन्नडचा घाट चढताना ॲक्सिलरेटर दाबून धरला की मॅनिफोल्डमधील व्हॅक्यूम घटतो, आणि अशा वेळी टाकीतला साठा उलटा निसटू नये एवढ्यासाठीच तो एकदिशा व्हॉल्व्ह बसवलेला असतो.

आता आपल्या दोन तक्रारी एकत्र पाहू. डावेच अडते याचा अर्थ दोष डाव्या बाजूस असण्याचा संभव अधिक. पण टाकी दोन्ही बाजूंना सामाईक असल्याने डावीकडचा फाटका पडदा किंवा तडकलेली नळी रात्रभरात सगळा साठा रिकामा करू शकते, आणि मग निर्दोष उजवे झाकणही सैल पडते. म्हणजे दोन तक्रारींचे मूळ एकच असू शकते, आणि उजवा ॲक्ट्युएटर बदलणे हा निव्वळ खर्च ठरेल.

तपासणीसाठी गेज असलेला हातपंप मिळवावा. ब्रेक बूस्टरची कामे करणाऱ्या गॅरेजात तो सहसा असतो. प्रथम इंजिन आयडलवर ठेवून मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम मोजावा. मूळ स्थितीतील, धडधाकट इंजिन साधारण १५ ते २० इंच पारा (व्हॅक्यूम मोजण्याचे एकक) दाखवते व काटा स्थिर राहतो. त्यानंतर इंजिन बंद करून टाकीपासून पुढे जाणारी नळी बुच मारून बंद करावी आणि टाकीवर गेज लावावा. काटा तरीही खाली येत असेल तर टाकी किंवा एकदिशा व्हॉल्व्ह गळत आहे. व्हॉल्व्ह काढून दोन्ही बाजूंनी तोंडाने फुंकून पाहिले की, हवा एकाच बाजूने जाते का, हे तत्काळ कळते. काटा टिकला तर गळती पुढे आहे.

पुढची पायरी बिनखर्चाची आहे, म्हणून ती मला विशेष आवडते. झाकणापाशी डाव्या व उजव्या ॲक्ट्युएटरला येणाऱ्या नळ्या तात्पुरत्या अदलाबदल करून जोडाव्यात. उघडण्याची नळी उघडण्याच्याच तोंडावर यावी, एवढे पाहावे. अडखळणे उजवीकडे गेले तर नळी दोषी. डावीकडेच राहिले तर ॲक्ट्युएटर किंवा झाकणाची यंत्रणा. मग डावा दांडा सोडवून झाकण हाताने हलवावे. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत बिजागरीतले ग्रीस धुळीने घट्ट होऊन झाकण जड झालेले असते, आणि त्याचा दोष पडद्यावर ढकलला जातो. झाकण सहज हलत असेल तरच ॲक्ट्युएटरच्या प्रत्येक तोंडाला हातपंपाने १५ इंच व्हॅक्यूम द्यावा. मिनिटभर काटा हलला नाही तर तो भाग उत्तम आहे. इंजिन चालू असताना झाकणाच्या फटीत बोटे घालू नयेत, हे वेगळे सांगायला नकोच.

नळ्यांबाबत एक गोष्ट आवर्जून लिहितो. आपल्याकडील वैशाखातल्या उन्हाने आणि इंजिनाच्या उष्णतेने नळीची टोके आधी कडक होतात, मधला भाग मात्र मऊ राहतो, म्हणून वरवर पाहता नळी चांगली वाटते. टोक दोन बोटांत वाकवून पाहावे. बारीक चिरा उमटल्या तर ती नळी बदलावी. येथे सहज मिळते म्हणून काही जण ठिबकची मायक्रो ट्यूब वापरतात, ते टाळावे. ती तोंडावर घट्ट बसत नाही आणि उष्णतेने आकार सोडते. जुन्या कार्ब्युरेटरच्या मारुती ८०० मध्ये डिस्ट्रिब्यूटरला जाते तशी रबरी व्हॅक्यूम नळी, तोंडाचा व्यास मोजून घ्यावी.

तोपर्यंत रात्री गाडी काढणे टाळलेलेच बरे. १९६९ च्या झाकणांत काचेच्या फटी ठेवलेल्या असतात, त्यामुळे ती उघडली नाहीत तरी थोडा उजेड बाहेर पडतो, परंतु जळगाव-धुळे महामार्गावर तेवढ्यावर भागणार नाही.

प्रश्न : माझ्याकडे १९६७ ची कॅमॅरो आर. एस. आहे. झाकणे मध्येच अडकतात, मोटरचा नुसता घूं घूं आवाज येतो. मेकॅनिकला व्हॅक्यूमची गळती कोठेच सापडत नाही.
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : सापडणारही नाही. १९६७ सालच्या आर. एस. ची झाकणे विजेच्या मोटरवर चालतात. व्हॅक्यूमची पद्धत १९६८ पासून आली. त्यामुळे मल्टीमीटर घेऊन झाकण अडलेले असतानाच मोटरच्या तारांवर व्होल्टेज मोजावे. तेथे बॅटरीपेक्षा बरेच कमी भरले तर गंजलेली जोडणी किंवा कच्चे अर्थिंग शोधावे. व्होल्टेज पुरेसे असूनही मोटर नुसती घुमत असेल, तर झाकण हाताने हलवून पाहावे आणि मग मोटर उघडावी.

प्रश्न : व्हॅक्यूमची कटकट काढून झाकणांना विजेच्या मोटरच बसवल्या तर?
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : तसे संच मिळतात, आणि इंजिनाचे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा कॅमशाफ्ट बसवल्यामुळे ज्या इंजिनाचा आयडलवरचा व्हॅक्यूमच कमी पडतो, त्यात हा पर्याय योग्यही ठरतो. मूळ इंजिन असेल तर मात्र आधी गळती शोधावी, कारण मॅनिफोल्डजवळची गळती इंधन-हवेचे मिश्रण पातळ करून आयडल बिघडवते आणि ब्रेक बूस्टरही त्याच व्हॅक्यूमवर अवलंबून असल्यास ब्रेक जड करते. केवळ झाकणे मोटरवर नेल्याने ती गळती जागच्या जागीच राहील.