श्रीमंतांचा राग येणं चूक आहे का? भांडवलशाही बरी की समाजवाद?

तुमचा प्रश्न दोन भागांत आहे. आपल्याकडे श्रीमंत माणसाबद्दल मनात अढी का असते, आणि गरिबाचं भलं भांडवलशाहीत होतं की समाजवादात. मी अर्थशास्त्र शिकलेलो नाही. अहिल्यानगर (आधीच्या नगर) जिल्ह्यात, प्रवरेच्या पाटपाण्यावर ऊस करतो. पण आमच्या भागातल्या जमिनींनी कंपनी पाहिली, सरकार पाहिलं आणि सहकारही पाहिला, म्हणून लिहावंसं वाटलं.

भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झालं. पाटाला पाणी आलं, पण ऊस उभा करायला भांडवल लागतं आणि ते शेतकऱ्याकडे नव्हतं. सावकाराच्या कर्जात अडकलेल्या बऱ्याच जणांनी जमिनी साखर कंपन्यांना खंडाने, म्हणजे ठरलेल्या भाड्याने, दिल्या. हरेगावची बेलापूर कंपनी, टिळकनगर, साखरवाडी, खाली इंदापूर तालुक्यात वालचंदनगर, ही सगळी त्या काळातली नावं. जिथे कुसळं उगवत होती तिथे सलग मळे उभे राहिले, हे कुणी नाकारू नये. मात्र खंडाची रक्कम ठरलेली होती. उसाला भाव आला तरी जमिनीच्या मालकाच्या हातात तेवढेच रुपये पडायचे, आणि त्यातले कितीतरी जण स्वतःच्याच रानात रोजाने जायचे.

मग १९६१ चा सीलिंगचा, म्हणजे एकाने किती जमीन ठेवावी याची मर्यादा ठरवणारा, कायदा आला. कंपन्यांकडच्या हजारो एकर जमिनी सरकारने घेतल्या आणि १९६३ साली त्या कसायला सरकारी शेती महामंडळ स्थापन झालं. कंपनी गेली, आता जमीन घरी येणार, असं खंडकऱ्यांना, म्हणजे खंडाने जमिनी दिलेल्या मालकांना, वाटलं. ती आली नाही. मालकाच्या जागी सरकार बसलं, महामंडळ तोट्यात जात राहिलं, आणि खंडकरी मोर्चे काढत, कोर्टाच्या पायऱ्या चढत म्हातारे झाले. वारसांच्या हातात जमिनी पडायला २०१२ साल उजाडावं लागलं. समाजवाद मानणारे माझे मित्र आहेत, त्यांना मी हा इतिहास आवर्जून सांगतो. सरकारची मालकी म्हणजे लोकांची मालकी, हे आपोआप होत नाही.

तिसरी वाट प्रवरानगरने काढली. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून सहकारी साखर कारखान्यासाठी भागभांडवल जमवलं, पुण्याचे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ पहिले अध्यक्ष झाले आणि १९५० च्या अखेरीस गाळप सुरू झालं. सहकारात शेअर एक असो की पन्नास, मत एकच. हा नियम माझ्या आजोबांना फार मोठा वाटायचा. दुसरा एक कारखाना निघत होता, त्याचा शेअर त्यांनी खिलारी गोऱ्हा विकून घेतला होता. ते म्हणायचे, ‘पाटलाचं एक मत, माझं एक मत.’ उसाच्या पैशातून टनामागे होणाऱ्या कपातीतून शाळा, दवाखाने आणि रस्ते झाले. माझे वडील अशाच एका शाळेत शिकले. मी आज हे लिहू शकतोय त्याचं मूळ तिथे आहे.

पण पुढचंही सांगायला हवं. मी शाळेत असताना आजोबा मला वार्षिक सभेला घेऊन गेले. मांडव, सतरंज्या, खच्चून गर्दी. अहवालातला विषय वाचला की पुढच्या रांगेतले ‘मंजूर, मंजूर’ ओरडायचे. आजोबा उभे राहिले आणि शेजारचा कारखाना टनाला जास्त देतो, आपला का नाही, असं विचारलं. माईक त्यांच्यापर्यंत आलाच नाही. दोन पोरांनी खांदे धरून त्यांना खाली बसवलं. ते काही बोलले नाहीत, टोपी नीट केली. घरी येईपर्यंत आम्ही दोघं गप्प होतो.

पुढे मीही एकदा काटा तपासला. ट्रॉली आधी बाहेरच्या भुईकाट्यावर नेली, उसाचं वजन भरलं १८ टन २४० किलो. कारखान्याच्या पावतीवर आलं १७ टन ३५०. एका खेपेत २,४०० रुपये गेले. त्या रात्री मला खरोखर राग आला. तो श्रीमंतीवर नव्हता.

शेजारच्या वस्तीवरच्या एकाने डाळिंबात पैसा केला. बंगला बांधला, दारात मोठी गाडी आहे. त्याच्याबद्दल कुणी वाईट बोलत नाही, उलट लोक छाटणी कधी करायची हे त्याला विचारायला जातात. त्याची रात्रपाळीची दारं (पिकाला पाणी देणं) आणि फवारण्या सगळ्यांनी पाहिल्यात. त्याच गावात कारखान्याचा संचालक झाल्यावर पाच वर्षांत जमीन घेत सुटलेला माणूस आहे. त्याच्यासमोर सगळे हात जोडतात, पाठीमागे शिव्या देतात. पैसा दोघांकडेही आहे. तेव्हा तुमच्या पहिल्या भागाचं माझं उत्तर असं: हिशेब विचारता येत नाही, त्या श्रीमंतीचा राग येतो, आणि तो यायलाच हवा. कष्टाने मिळवलेल्या पैशालाही पाप समजणं मात्र चूक आहे. त्याने पोरांची धंद्याची हिंमत मरते.

राज्यातले कितीतरी सहकारी कारखाने कर्जात बुडाले, सरकारच्या थकहमीवर (कर्ज थकलं तर सरकार भरेल या हमीवर) तगले आणि शेवटी लिलावात खासगी हातात गेले. आता गाळप करणाऱ्यांत जवळपास निम्मे खासगी आहेत. मीही गेली काही वर्षं खासगीला ऊस घालतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर १५ टक्के व्याजासकट. आमचा खासगी कारखाना वेळ पाळतो. का पाळतो? जवळच दुसरा कारखाना आहे, आणि पैसे थकवले तर ऊस तिकडे जाईल हे त्याला ठाऊक आहे. स्पर्धेचा हा फायदा मी रोज अनुभवतो. पण तिथे मला मत नाही, सभा नाही. उद्या दोन्ही कारखाने एकाच्या हातात गेले तर मी काय करणार, याचं उत्तर मला भांडवलशाहीचे समर्थक देत नाहीत. म्हणून आजोबांचा शेअर मी अजून विकलेला नाही.

एक गोष्ट मात्र मला गेल्या हंगामापासून छळते आहे. आमच्या रानात बीडकडची ऊसतोड मजुरांची टोळी होती. पहाटे चार वाजता थंडीत एक बाई मोळ्या बांधत होती, पाचटावर तिचं लेकरू गोधडीत झोपलेलं. तिला मी विचारलं, उचल, म्हणजे तोडीसाठी आगाऊ रक्कम, किती घेतली? ती म्हणाली, ‘मालकाला ठावं, कोयता त्यांच्या नावावर हाय.’ मालक म्हणजे तिचा नवरा, आणि कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून मजुरांची एक जोडी. कंपनी असो, महामंडळ असो, सहकार असो, ऊस तिच्यासारख्यांच्याच हातांनी तुटला. आजोबांच्या त्या एक-मताच्या यादीत ती नव्हती, खासगीच्या करारातही नाही. तिचा हिशेब मुकादमाच्या, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराच्या, वहीत असतो, आणि त्या वहीतसुद्धा तिचं नाव नसतं. या हंगामात खेप भरली की वजनाची पावती मी आधी तिला वाचून दाखवतो. दुसऱ्या आठवड्यापासून ती स्वतः मागायला लागली आहे.