वाचकांचे प्रश्न : तंत्रज्ञान असताना शिक्षण कशाला?

प्रश्न : हवामानबदलावर तंत्रज्ञान उपाय शोधतच आहे, मग शाळेत हा विषय शिकवून काय साधणार?

उत्तर : तंत्रज्ञान हवेच, पण तेवढ्याने भागेल असे मला वाटत नाही. १९५८ मध्ये हवाई बेटांवरील मौना लोआ या पर्वतावरच्या वेधशाळेत नियमित मोजणी सुरू झाली, तेव्हा हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ रेणू होते, आज ते ४२०च्या पुढे गेले आहेत. हे उपकरणाने सांगितले, परंतु त्या चढत्या रेषेचा अर्थ लावायला शिक्षणच लागते. एलईडी दिवा जुन्या तारेच्या दिव्यापेक्षा बरीच कमी वीज घेतो, मात्र म्हणूनच तो रात्रभर विनाकारण जळत राहिला, तर बचत आटते. मुलांना विजेच्या मीटरसमोर उभे करा आणि एकेक उपकरण बंद होताना त्यावरचा लुकलुकणारा दिवा कसा संथ होत जातो, ते त्यांना स्वतः मोजू द्या.